अधिक मोकळा माणूस

माणूस एकटा जन्माला येतो आणि एकटाच जातो. मधल्या काळात हातात आलेला चेंडू त्याने दुसऱ्याला द्यावा, याला युरोपात संस्कृती म्हणतात. अमेरिकेत मधल्या काळात माणूस तो चेंडू बास्केटमध्ये टाकतो. त्याबद्दल त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना वेळेवर कोणी सांगितले नाही, एवढेच.

आमचे पाल्वेनाइ हे गाव लिथुआनियाच्या उत्तरेला, लॅटव्हियाच्या सरहद्दीपासून सतरा किलोमीटरवर आहे. लोकवस्ती चार हजार तीनशे. पैकी बास्केटबॉल कळणारे चार हजार दोनशे नव्व्याण्णव. उरलेला एक म्हणजे संघाचा प्रशिक्षक झिगमास बार्तुश्का. त्याला त्याबद्दल पगार मिळतो, त्यामुळे त्याचे मत निःपक्षपाती धरता येत नाही.

क्लबाच्या कार्यालयात (म्हणजे क्रीडागृहाच्या जिन्याखाली) भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. बाहेरून येणाऱ्या खेळाडूंच्या माहितीसाठी तो समितीने तयार केला. समितीचा चिटणीस या नात्याने त्यातले अक्षर माझे आहे.

अमेरिकेत सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो, आमच्याकडे चाळीस. वाचलेली आठ मिनिटे प्रशिक्षकाचे ऐकून घेण्यासाठी आहेत.

अमेरिकेत टाईमआऊट खेळाडूही मागू शकतो. आमच्याकडे फक्त प्रशिक्षक. (आपल्याला दम लागला आहे, हे खेळाडूला कसे कळणार?)

अमेरिकेत एकोणीस वर्षांचा मुलगा संघाचा तारणहार असतो. आमच्याकडे एकोणतिसाव्या वर्षी त्याला ‘पुढे काहीतरी करून दाखवेल’ म्हणतात आणि एकतिसाव्या वर्षी ‘होता तेव्हा बरा होता’. मधल्या काळात त्याने खेळून घ्यायचे असते.

अमेरिकी खेळाडू चेंडू घेऊन निघताना एक पाऊल जास्त टाकतो आणि आमचे पंच त्याला पहिल्या महिन्यात सामन्यामागे सरासरी चार वेळा पकडतात. हा त्याचा दोष नव्हे. मोठ्या देशात अंतरेच जास्त असतात.

आणि शेवटी, तांबड्या शाईने: अमेरिकेत खेळाडू मोकळा सापडला की चेंडू टाकतो. आमच्याकडे मोकळा सापडलेला खेळाडू आपल्यापेक्षा अधिक मोकळा कोण आहे ते बघतो.

हा शेवटचा नियम आमच्या अध्यक्षबाईंचा. दांगुओले मातुझियेने यांनी चव्वेचाळीस वर्षे गावच्या शाळेत गणित शिकवले. प्रशिक्षक, महापौर, पाद्री आणि मी, सगळे त्यांच्या हातचे. त्यामुळे त्या वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीही गावाच्या ‘बाई’च आहेत, आणि त्यांच्यासमोर खिशात हात घालून उभे राहण्याची महापौरांची अजून हिंमत होत नाही. बाईंच्या मते मोकळेपणा ही मोजता येणारी गोष्ट आहे. एकापेक्षा दुसरा नेहमी मोकळा असतो. दुसऱ्यापेक्षा तिसरा. या क्रमाला शेवट आहे असे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.

गेल्या हंगामात आमच्या संघाने सामन्यामागे सरासरी तीनशे बारा पास दिले. बास्केटवर चेंडू एकेचाळीस वेळा टाकला (त्यातल्या सात वेळा नाइलाजाने). गॅलरीत डाव्या अंगाला गावातल्या बायकांचे गायनमंडळ बसते. जवसाच्या सुताचे पांढरे रुमाल डोईला, मांडीवर डब्यात लसूण चोळून तळलेला काळा पाव. पासांची लड लागली की त्या जुन्या चालीवर धरतात:

पहिला माझा चेंडू, दिला थोरल्या भावाला
भावाने दिला गावाला, गाव ठेवितो देवाला

हे गाणे ऐकताना डोळे भरून येतात. बास्केटचा त्यात उल्लेख नाही, हे बरीच वर्षे कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

आता बार्तुश्काविषयी. बाकावर बसून हा माणूस एकतीस वर्षे सरहद्द चषकाची वाट बघत होता. चषक तसा काही मोठा नाही. पत्र्याचा आहे, एक कान वाकलेला. तीन देशांतली बारा गावे त्यासाठी खेळतात. अकरा गावांनी तो कधी ना कधी घरी नेला आहे. मे महिन्याच्या अखेरीस बार्तुश्का निवृत्त होणार होता आणि त्याच्या घरातल्या कपाटावर, लग्नाच्या फोटोशेजारी, एक जागा त्याने कधीपासून रिकामी ठेवली होती. त्याची बायको ती जागा रोज पुसायची आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही. नवऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही लामॉन्ट प्रूइटला आणले. युरोपातल्या प्रत्येक क्लबाला अमेरिकी खेळाडू ठेवावाच लागतो, नाहीतर हरल्यावर बोलायचे कोणाविषयी, हा प्रश्न उभा राहतो. हा टल्साचा. उंच, शांत, थंड बिटाचे गुलाबी सूप पहिल्याच दिवशी दोन वाट्या प्यायलेला. आम्ही त्याला लामॉन्टास म्हणू लागलो. नावाला शेपूट लावल्याशिवाय आमच्या भाषेत माणूस उभा राहत नाही. डिसेंबरपर्यंत तो आमची भाषा बेतापुरती बोलू लागला आणि ‘अधिक मोकळा’ हे शब्द तर झोपेतही म्हणत असे, असे त्याची घरमालकीण सांगते.

उपांत्य फेरी लॅटव्हियाच्या क्रास्तमुइझा संघाशी होती. ही फेरी दोन सामन्यांची असते, एक आपल्या गावात, एक त्यांच्या, आणि दोन्हींचे गुण एकत्र धरतात. घरचा सामना आम्ही नऊ गुणांनी जिंकलो. म्हणजे त्यांच्या गावात आठ गुणांनी हरलो तरी अंतिम फेरी आमची. अमेरिकी मनाला ही व्यवस्था पेलत नाही. लामॉन्टने मला दोनदा विचारले, की आठने हरायचे आणि मग नाचायचे का. मी म्हटले, हो, पण जास्त नाही, यजमानांना वाईट वाटते.

समितीची तातडीची बैठक झाली. हरण्याला आठ गुणांची मुभा आहे, तर आठाचीच तयारी करावी, असे ठरले. जिंकण्याची तयारी करणे म्हणजे हाती असलेली सवलत वाया घालवणे. आठवडाभर संघाने आठ गुणांनी हरण्याचा सराव केला. पहिल्या दिवशी तेराने हरले, दुसऱ्या दिवशी चारने. गुरुवारी संध्याकाळी नेमके आठने हरले तेव्हा गायनमंडळातल्या दोघी रडल्या.

प्रत्यक्ष सामन्यात एक अडचण आली. क्रास्तमुइझाचे लोक इतके वाईट खेळले, की मध्यंतराला आम्ही अकरा गुणांनी पुढे होतो. संघ घाबरून कपडे बदलायच्या खोलीत बसला. यासाठी कोणाचीच तयारी नव्हती. बाईंनी चष्मा पुसला आणि सांगितले, की ही आघाडी गरजेपेक्षा एकोणीसने जास्त आहे, आणि जे गरजेपेक्षा जास्त असते ते सांभाळताना माणूस पडतो. मग उत्तरार्धात आम्ही फक्त पास दिले. चोवीस सेकंदांत चेंडू टाकावा लागतो, नाहीतर तो समोरच्यांना मिळतो. तो त्यांना अठरा वेळा मिळाला. शेवटच्या मिनिटात आम्ही बरोबर आठ गुणांनी मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. बाईंच्या चेहऱ्यावर उदाहरण सुटल्याचे समाधान होते.

नऊ सेकंद उरले असताना चेंडू लामॉन्टच्या हातात होता. तो घेऊन नुसते उभे राहायचे होते. क्रास्तमुइझाचे दोघे त्याच्यावर धावले. तो दोघांच्या मधून निसटला, आणि समोर पाहतो तर कोणीच नाही. रिंग, जाळी आणि कोरडी लाकडी जमीन.

त्याने टाकला. तीन गुणांच्या रेषेबाहेरून.

आम्ही पाचने हरलो. म्हणजे अंतिम फेरीत पोचलो, गावाच्या इतिहासात पहिल्यांदा. बसमध्ये कोणी कोणाशी बोलले नाही.

सोमवारी चौकशी समिती बसली. (अध्यक्ष: बाई. सदस्य: महापौर, पाद्री, प्रशिक्षक. चिटणीस: मी.) चेंडू आत गेला, ही बाब समितीने दुय्यम मानली. चुकला असता तर काय झाले असते, हा खरा मुद्दा होता, आणि त्यावर महापौर चाळीस मिनिटे बोलले. मग लामॉन्टला आत बोलावले.

“का टाकलास?” बाईंनी विचारले.

“मोकळा होतो, बाई.”

“किती?”

लामॉन्टने माझ्याकडे पाहिले. मी लिहून घेत असल्याचे दाखवले.

“पुरेसा,” तो म्हणाला.

बाईंनी नकाशा पसरला. त्यावर कोर्ट काढले होते, खेळाडूंच्या जागी सुकी चवळी ठेवली होती. त्यांनी पट्टीने मोजून दाखवले, की त्या क्षणी डाव्या कोपऱ्यात अर्नोल्दास हा खेळाडू लामॉन्टपेक्षा एक मीटर चाळीस सेंटिमीटरने अधिक मोकळा होता.

“तो बुटाची नाडी बांधत होता, बाई. पाठ होती माझ्याकडे.”

“मी तो काय करत होता हे विचारलं नाही. तो कुठं होता हे सांगितलं.”

“पण आत गेला ना.”

“लामॉन्टास, बाळा,” बाई मऊ आवाजात म्हणाल्या (हा आवाज त्या नापास करताना काढतात), “उत्तर बरोबर आलं म्हणून रीत चुकलेली मी कधी चालवून घेतली नाही. या झिगमासला विचार. सहावीत असताना याचं उत्तर बरोबर होतं.”

बार्तुश्का टेबलाखाली बघत राहिला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

निर्णय असा झाला, की लामॉन्टने अंतिम सामन्यात गणवेश घालावा, बाकावर बसावे आणि पाहून शिकावे. संघाचा सर्वांत चांगला खेळाडू तो होता, हे समितीने मान्य केले. म्हणूनच उदाहरण घालून देण्यास तो योग्य होता. सह्या झाल्या. बार्तुश्काचीही. पेन त्याने थोडा वेळ कागदावर धरून ठेवले होते, तिथे शाईचा ठिपका आहे.

नंतर जिन्याखाली मी कागद लावत होतो. बाहेर ते दोघे उभे होते. बार्तुश्का बराच वेळ मफलर गुंडाळत होता.

“तू टाकलास तेव्हा मी डोळे मिटले होते,” तो म्हणाला.

“कळलं मला, कोच. दिसत होतं.”

“आवाज कसा आला रे?”

“नुसती जाळी.”

“नुसती जाळी,” बार्तुश्का म्हणाला; लहानपणी सोडलेल्या गावाचे नाव कोणीतरी घ्यावे तसे. मग त्याने टोपी घातली आणि बर्फात निघून गेला.

अंतिम सामना एकच असतो. ही गोष्ट आम्हा कोणाला आधी जाणवली नव्हती, कारण आम्ही तिथे कधी गेलोच नव्हतो. बाईंनी महासंघाला रीतसर पत्र लिहून विचारले, की या सामन्यात कितीने हरण्याची मुभा आहे. उत्तर आले: शून्य. बाईंनी ते टंकनदोष समजून परत पाठवले. पुन्हा तेच आले. तेव्हा गावाला पहिल्यांदा थंडी वाजली.

सामना एस्टोनियाच्या रान्नाकुला संघाशी, आमच्या राजधानीत. आमची नव्वद बसगाड्यांची रांग होती. गावात मागे राहिला तो एक बेकरीवाला, त्याचे पाव भट्टीत होते म्हणून. सामना कसा झाला ते सांगत बसत नाही. रान्नाकुलाचे लोकही युरोपीयच, त्यामुळे तिसरा भाग सात-सहा असा संपला. बार्तुश्काने टाईमआऊट घेतले आणि फळीवर पासांचे बाण काढले. लामॉन्ट शेजारी बसला होता, मांडीवर टॉवेल, आणि दर दोन मिनिटांनी बार्तुश्का त्याच्याकडे वळे, तोंड उघडे, मग मागच्या रांगेत बसलेल्या बाईंकडे बघे आणि मिटे.

बारा सेकंद उरले. आम्ही एका गुणाने मागे. चेंडू आमचा.

त्या बारा सेकंदांबद्दल पुढे वर्तमानपत्रांनी लिहिले, की असा खेळ दहा वर्षांत पाहिला नाही. ते खरे आहे. कप्तान डावीकडून सुटला, मोकळा झाला, आणि त्याने पाहिले की उजवीकडचा उंच गडी अधिक मोकळा आहे. उंच गड्याने चेंडू हवेत असतानाच ओळखले, की त्याच्यापेक्षा डावखुरा मोकळा आहे. गायनमंडळाने चाल धरली. थोरल्या भावाला, थोरल्या भावाने गावाला. डावखुऱ्याने खाली न बघता पास दिला आणि चेंडू आला अर्नोल्दासच्या हातात. रिंगच्या अगदी खाली. त्याच्या भोवती हाताच्या अंतरावर कोणी नव्हते. रान्नाकुलाचे पाचही जण पासांच्या मागे धावून दुसऱ्या बाजूला एकमेकांवर आदळले होते. नाडी बांधलेली होती. चार सेकंद होते. हात वर केला असता तरी पुरले असते.

अर्नोल्दास हा बाईंचा शेवटच्या वर्गातला पहिला नंबर. त्याने मान वळवून सबंध सभागृह पाहिले. आणि त्याला दिसले, की आपल्यापेक्षा अधिक मोकळा एक माणूस आहे, ज्याच्या सहा मीटर परिसरात प्रतिस्पर्धी संघाचा एकही खेळाडू नाही, ज्याला कोणी अडवलेले नाही, अडवण्याचा कोणाचा विचारही नाही.

त्याने चेंडू बाकावर लामॉन्टकडे दिला. छातीच्या उंचीवर, नेमका. टॉवेलही हलला नाही.

शिट्टी. चेंडू बाहेर. मग भोंगा.

आम्ही एका गुणाने हरलो. आणि सबंध सभागृह उठून उभे राहिले. रान्नाकुलाचे लोकही. असा पास त्यांनी पाहिला नव्हता. महापौरांनी मला मिठी मारली. बाई म्हणाल्या, रीत बरोबर होती. पुढे त्या क्षणाचे छायाचित्र मोठे करून शाळेत लावले. त्यात अर्नोल्दासचा हात पास सुटल्यावर जसा लांबवलेला आहे, तसा मी फक्त चर्चच्या छतावरच्या चित्रात पाहिला आहे. चषक रान्नाकुलाने नेला. तो नेताना कोणाचे लक्षही नव्हते.

लोक गात गात बसगाड्यांकडे गेले. मी सामान आवरायला थांबलो. बाकावर दोघे अजून बसलेले. चेंडू लामॉन्टच्या मांडीवर होता, जिथे तो आला होता तिथेच.

“टाक,” बार्तुश्का म्हणाला.

“आता? संपलं की, कोच.”

“म्हणून तर. आता कोणाचं काही जात नाही.”

लामॉन्टने चेंडू हातात फिरवला. रिंगकडे पाहिले. मग बार्तुश्काकडे पाहिले. तो आमच्या गावात नऊ महिने राहिला होता, हे मी तोवर विसरलो होतो.

“तुम्ही माझ्यापेक्षा मोकळे आहात, कोच,” तो म्हणाला, आणि चेंडू त्याच्या हातात ठेवला.

बार्तुश्का उठला. हळूहळू चालत फ्री थ्रोच्या दंडरेषेपर्यंत गेला. गुडघे त्याचे खराब आहेत. रेषेवर पाय जुळवून उभा राहिला, चेंडू छातीशी घेतला, एकदा जमिनीवर आपटला. सबंध कोर्टावर तो एकटा होता. त्याला अडवायला रान्नाकुलाचा एक माणूस नव्हता, समिती नव्हती, बाई बाहेर बसमध्ये जाऊन बसल्या होत्या. चेंडू त्याने डोळ्यांच्या उंचीवर नेला.

मग त्याने वळून माझ्याकडे पाहिले, आणि चेंडू मला दिला.

मी तो पिशवीत भरला. पिशवी बसच्या डिकीत ठेवायला ड्रायव्हरकडे दिली. ड्रायव्हर म्हणाला, याची पावती कोण करणार, आणि त्याने ती बाईंकडे दिली. बाईंनी ती क्लबाच्या नावे जमा करून घेतली. लामॉन्ट जूनमध्ये टल्साला परतला. त्याच्या जागी येणाऱ्यासाठी मी तक्ता नव्याने लिहून काढला आहे. बार्तुश्काच्या कपाटावर त्या जागी आता एक कुंडी आहे. त्याची बायको तिला पाणी घालते.

एवढा मजकूर लिहून मी तो आता तुमच्याकडे दिला आहे. वाचताना तुमच्या मनात कोणाचे तरी नाव आले असेल. कचेरीतला कोणी, भाऊ, मेव्हणा, एखादा जुना मित्र. हे अगदी त्याच्यावरच लिहिले आहे, त्याला वाचायला द्यायला हवे, असे वाटले असेल.

सुंदर पास.